तीनशे बारातला एक चेहरा

बाटली लागली ती यूसुफला. राजन येवलेकरला लागलं ते एक वाक्य, बाटलीच्या दीड सेकंद आधी, आणि पुढचे चार दिवस तो मनाशी मोजत राहिला की दोघांत जास्त कुणाला लागलं. यूसुफचा डोळा गेला होता, तेव्हा असलं मोजमाप शोभणारं नव्हतं; पण राजन मनातल्या मनात जे करायचा त्याला शोभण्याची अट त्याने कधी घातलीच नव्हती. घडलं ते एवढंच. कुवेतात, मीना अल-अहमदीच्या दक्षिणेला वाळूत कंपनीचा कामगार कॅम्प. खोल्या बावन्न, खोलीत सहा, माणसं तीनशे बारा. जूनचा पहिला आठवडा, सोमवार, संध्याकाळचे पाच, आणि भट्टीचं दार कुणी तोंडावर उघडून धरावं तसा वारा. ऑफिसच्या तीन पायऱ्यांवर राजन, कॅम्पचा ॲडमिन मॅनेजर. त्याच्या डाव्या हाताला यूसुफ, दापोलीकडचा, कॅम्प बॉस, म्हणजे राजनच्या हाताखाली खोल्या आणि मेस सांभाळणारा. मागे सिक्युरिटीचे नऊ जण. आणि समोर ते तीनशे बारा, नुसते उभे. कुणी घोषणा देत नव्हतं. घोषणा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, घोषणेला उत्तर देता येतं. राजन मान न वळवता यूसुफला मराठीत म्हणाला, "हाणल्याशिवाय यांना कळायचं नाही, यूसुफभाई. चार नावं द्या मला. चौघांना विमानात बसवू, बाकीचे मुकाट झोपतील."

आवाज खाली आणायची त्याला गरज वाटली नाही. ती कधीच वाटायची नाही. पंधरा वर्षं मराठी ही त्या दोघांची भिंती नसलेली केबिन होती. समोर बिहारी, तेलुगू, नेपाळी, बांगलादेशी. हिंदी सगळ्यांना येते, इंग्रजी मोडकीतोडकी कुणालाही, अरबी कामापुरती. मराठी कुणाला येत नाही. समोरचा खोटं बोलतोय का, समोरच्याला घरी जाऊ द्यायचं का, समोरच्याची आई गेल्याचा फोन आलाय तो आत्ता सांगायचा की पाळी संपल्यावर, हे सगळं त्याच माणसाच्या तोंडावर, हसऱ्या चेहऱ्याने, मराठीत ठरायचं. आपली सगळीच मंडळी परदेशात हे करतात. मॉलमध्ये पुढच्या बाईच्या लठ्ठपणावर बोलतात, लिफ्टमध्ये शेजाऱ्याच्या वासावर बोलतात, कधी पकडले जात नाहीत, आणि पकडले जात नाहीत म्हणून आपण सभ्य आहोत असं समजतात.

पहिल्या रांगेतून एक माणूस म्हणाला, "साहेब, हाणून झालंय आम्हाला. चाकणला. मराठी तिथंच शिकलो."

अगदी साध्या आवाजात. टोमणाही धड नाही. पत्ता चुकलेल्याला पत्ता सांगावा तसा. राजनने त्याच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत कॅम्पातल्या कुठल्या चेहऱ्याकडे त्याने एवढं बघितलं नव्हतं. चेहरे त्याच्याकडे नंबराने यायचे आणि नंबराने जायचे. पस्तीस-अडतीस वय, भुवयांत सिमेंट, पुढचा एक दात तिरका तुटलेला, आणि गोठलेल्या पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून मानेला लावलेली. बाटलीचं पाणी वितळून कॉलरमध्ये उतरत होतं. राजनला एकेक थेंब दिसला. आणि तो थेंब बघत असतानाच डावीकडून, गर्दीत कुठूनतरी मागून, दुसरी बाटली आली. आवाज नारळ फुटावा तसा झाला. यूसुफ पडला नाही, तो बसला. पायरीवर, नीट, जणू कुणी बसा म्हटलं. मग त्याने तोंडावर हात धरला आणि बोटांच्या फटींतून जे बाहेर आलं ते नुसतं रक्त नव्हतं.

राजनने हात वर केला. का केला, हा प्रश्न नंतरचा. तेव्हा हात वर गेला एवढं खरं, आणि मागचे नऊ जण दंडुके घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली धावले, पाणी दगडाला वळसा घालून जातं तसे. पुढची वीस मिनिटं त्याला क्रमाने आठवत नाहीत. आठवतात ते आवाज. दंडुका मांसावर बसतो तेव्हा आवाज ओल्या सतरंजीचा येतो, हाडावर बसला की कोरडा येतो, आणि कान दोन-तीन फटक्यांत फरक शिकतो. मेसच्या बाकांचे पाय उपटले जात होते. बाटल्या येत होत्या, दहा, वीस, मग मोजणं सुटलं. दीड लिटरचा बर्फाचा दगड पोरकट दिसतो, पण कवटीला ते ठाऊक नसतं. एका सिक्युरिटीवाल्याला चार जणांनी पाय धरून ओढत नेलं आणि त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटलं, तीन पायऱ्या, तीन वेळा. एक नेपाळी आपला मोडलेला हात दुसऱ्या हातात घेऊन, दुसऱ्याची वस्तू परत करायला निघाल्यासारखा, या टोकापासून त्या टोकाला फिरत होता. सिमेंटवर बर्फाचे तुकडे पडले होते, त्यांच्यातून वाफ निघत होती, आणि वितळताना ते गुलाबी होत होते. पोलीस आले तेव्हा सतरा जण हॉस्पिटलात जाण्याजोगे होते, अकरा जणांना गाडीत घातलं. अकरांमध्ये तो पहिल्या रांगेतलाही होता. राजनला त्याचं नाव गाडी निघताना यादीवरून कळलं. अजय. गाव सिवान, खोली एकतीस.

आता हे सगळं कशावरून, तर फ्रीजरवरून. दरवर्षी उन्हाळ्याआधी प्रत्येक खोलीतले सहा जण वर्गणी काढून जुना फ्रीजर आणत, रात्री त्यात बाटल्या गोठवत आणि पहाटे साइटवर नेत. कंपनी पाणी देते, नाही असं नाही; पण सकाळी नऊला त्या टाकीतलं पाणी चहाला चालेल एवढं गरम असतं. शेजारच्या कुठल्याशा इमारतीत वायर जळल्यापासून सगळ्या कंपन्या धास्तावल्या होत्या, आणि वरून हुकूम आला: खोल्यांमध्ये फ्रीजर नकोत. हुकूम चुकीचा नव्हता, हे राजन आजही शपथेवर सांगेल. त्याने कॅम्पसाठी एक मोठं बर्फाचं मशीन मागितलं होतं. तो कागद मंजुरीसाठी एका टेबलावर विसावला होता. फ्रीजर मात्र विसावले नाहीत. रविवारी माणसं साइटवर गेली तशी बावन्नच्या बावन्न ट्रकमध्ये चढले. यूसुफ म्हणाला होता की आधी त्यांना सांगू तरी, राजनभाऊ, बसवून सांगू. राजन म्हणाला, सांगितलं की विचारल्यासारखं होतं, आणि विचारलं की ते नाही म्हणणार. यूसुफने मग आपल्या अंगाने एक भलेपणा केला: ट्रक भरायच्या आधी सगळ्या गोठलेल्या बाटल्या काढून मेसच्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. सोमवारी साइटवर एक जण उन्हाने कोसळला, दुपारी सगळे गोळा व्हायला लागले, तेव्हा यूसुफनेच त्या बाटल्या वाटल्या. हातात थंड काही असलं की डोकं थंड राहतं, असं तो म्हणाला होता. तीनशे बारा माणसांच्या हातात तीनशे बारा दगड त्याने स्वतः, नावानिशी हाक मारून, दिले.

फिंतासच्या घरी राजन आला तेव्हा त्याच्या बायकोने, कौमुदीने, शर्टाकडे बघून विचारलं, तुझं आहे का रक्त. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग गार पाण्यात टाक, गरमात डाग पक्का होतो. तिला एवढंच सांगितलं की कॅम्पात मारामारी झाली. नवव्या मजल्यावरच्या त्या घरातून दोन टॉवरच्या फटीतून हातभर समुद्र दिसतो आणि त्या हातभर समुद्राचं भाडं वेगळं लागतं, असं तो पाहुण्यांना गमतीने सांगायचा. त्याने ग्लास फ्रीजच्या दाराला लावला, बटण दाबलं, बर्फ खडखडत पडला आणि त्याचा खांदा उडाला. जेवणाच्या टेबलावर मुलीचे, ओवीचे, कागद पसरले होते. पंधरा वर्षांची, अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा, वर्ष संपायला दोन आठवडे. इतिहासाचा प्रोजेक्ट होता: बोस्टन, सतराशे सत्तर, मार्च महिना. वर्गात खटला उभा करायचा होता, आणि चिठ्ठ्या टाकून ओवीच्या वाट्याला राजाच्या फौजेच्या कॅप्टनचं वकीलपत्र आलं होतं, म्हणून ती वैतागली होती. वर्गातल्या सगळ्यांना वसाहतवाले व्हायचं होतं. साम्राज्याची बाजू कोण घेतो?

तिने त्याला सांगितलं ते असं: त्या लोकांवर साता समुद्रापलीकडून कर बसवत होते, रस्त्यावर फौज आणून ठेवली होती. एका संध्याकाळी चारशेभर लोक आठ शिपायांभोवती जमले. शिव्या देत होते, बर्फाचे गोळे मारत होते, नुसता बर्फ नाही, आत दगड, शिंपले. मग गोळ्या सुटल्या आणि पाच माणसं मेली. राजनने विचारलं, कर फार होता का. ओवी म्हणाली, "नो बाबा, दॅट्स द थिंग. टॅक्स छोटासा होता. दे वर मॅड बिकॉज नोबडी आस्क्ड देम." आणि मग तिने पेन्सिलचं टोक चावत आपली खरी अडचण मांडली. कॅप्टनने 'फायर' म्हटलं की नाही, हे कुणालाच नक्की माहीत नाही. तो म्हणतो, मी नाही म्हटलं. मग शिपायांनी कुणाचं ऐकलं? राजन म्हणाला, त्याने नुसता हात वर केला असेल. स्वतःला वाचवायला. ओवीने त्याच्याकडे कौतुकाने बघितलं आणि ते लिहून घेतलं. तिने पुढे हेही सांगितलं की कॅप्टन सुटला, दोन शिपायांच्या अंगठ्यावर तापल्या लोखंडाने डाग दिला. आणि ज्यांनी बर्फ मारला त्यांचं काय झालं? "नथिंग," ओवी म्हणाली, "दे बिकेम अ कंट्री."

झोपायच्या खोलीत पडदे ओढून तो पडला, आणि चाकण त्याच्या डोक्यात नाशिक होऊन आलं. चाकण ते अंबड दोनशे किलोमीटर, त्याने फोनवर बघूनही घेतलं. तेव्हाचा तो माणूस म्हणजे अजय नव्हे, हे अंतराने सिद्ध होत होतं. सतरा वर्षांपूर्वी, अंबडच्या कंपनीतून तो स्कूटरवर घरी येत होता. तीस वर्षांचा, नोकरी पक्की नाही, लग्न ठरलेलं. त्या आठवड्यात परप्रांतीयांना हाकलायचं वारं होतं; स्टेशनवर बोचकी घेतलेल्यांच्या रांगा होत्या. त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे पंधरा-वीस जणांनी एका फरशी बसवणाऱ्याला धरलं होतं. त्याचा गज, ओळंबा, पांढऱ्या सिमेंटची पिशवी रस्त्यावर सांडली होती. तो म्हणत होता, बोलतो ना मराठी, बोलतो ना, आणि प्रत्येक वेळी 'ना' वर त्याला फटका बसत होता, जणू उच्चार तपासला जात होता. राजनने स्कूटर का थांबवली? रस्ता अडला होता म्हणून. खाली का उतरला? एकाने विचारलं, तुम्ही मराठी ना? नुसतं विचारलं, हातात काही दिलंसुद्धा नाही. हेल्मेट राजनच्याच हातात होतं. त्याने एकदा मारलं. एकदाच. कवटीवर नव्हे, खांद्यावर असावं. पण हेल्मेट हातात वळलं आणि त्या माणसाच्या तोंडातून काहीतरी पांढरं उडालं. लोक बाजूला झाले, त्याला स्कूटर काढायला वाट मिळाली. ही आठवण त्याने आजवर कुठे नोंदवली नव्हती. पण त्याहून न नोंदवण्याजोगी गोष्ट दुसरी होती: मारल्यावर दोन मिनिटं त्याला फार हलकं वाटलं होतं. आपण कुणीतरी आहोत, आणि हे आपलं आहे, असं. वर्षभराने लग्न, त्यानंतर वर्षाने कुवेत. पहिल्या दिवशी विमानतळावर एका पोराएवढ्या अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट न बघता बाजूला सारला आणि म्हणाला, तिकडे, हिंदी, तिकडे. इथे हिंदुस्थानातला कुणीही 'हिंदी'च. इंजिनीअर असो की फरशीवाला, नाशिकचा असो की सिवानचा. राजनला तेव्हा वाटलं होतं की या माणसाला फरक समजावून सांगितला पाहिजे. पंधरा वर्षांत ते जमलं नव्हतं, म्हणून तो फरक तो खालच्यांना समजावत आला होता.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेला. यूसुफच्या अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती आणि उरलेल्या अर्ध्यात तो नेहमीसारखाच मिस्कील दिसायचा प्रयत्न करत होता. खुर्चीवर सुरैया, त्याची बायको. सबाह अल-सालेमला शिवणकामाच्या दुकानात काम करते, दुकानातून तशीच आलेली, गळ्यात मापाची टेप. राजनने फळं ठेवली. कंपनी सगळं बघेल असं म्हणाला. सुरैयाने ते ऐकल्यासारखं केलं आणि शांतपणे विचारलं, "राजनभाऊ, बाटली येन्याआधी तुमी काय बोललात?"

"काय नाय," यूसुफच म्हणाला. "हवापान्याचा बोलत होतो."

"कुवेतात जूनमदी हवेवर बोलन्यासारखा काय असता?" सुरैया म्हणाली आणि टेप बोटाला गुंडाळायला लागली. ती चहा आणायला बाहेर गेली तेव्हा राजन पलंगाच्या जवळ सरकला. यूसुफने आपणहूनच सांगितलं, त्याने बघितला होता बाटली मारणारा. ओळखीचाच होता, गेल्या वर्षी त्याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी यूसुफनेच त्याची रजा लावून दिली होती. राजनने खिशाला हात लावला, नाव लिहायला. यूसुफ हसला, आणि हसताना पट्टीखाली दुखलं म्हणून थांबला. "सांगायचा नाय, राजनभाऊ. ज्या डोल्यान बगितला तो डॉक्टरान काडून टाकला. आता साक्ष त्यालाच इचारा." मग छताकडे बघत, "तुमी ज्याच्याकडं बगत होतात तो नाय. येवडा तुमाला ठाव हाय." राजन म्हणाला, मला काही ठाव नाही, गर्दी होती. यूसुफने उरलेला डोळा मिटला. 

खरी पंचाईत तीच होती. तीनशे बारांपैकी कुणी बाटली मारली, हे राजनला माहीत नव्हतं. तीनशे अकरा जण संशयित होते. एकच माणूस असा होता ज्याच्याबद्दल तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता की याने मारली नाही, कारण त्या क्षणी त्याची बाटली त्याच्या दोन्ही हातांत, मानेला लावलेली होती, आणि राजन तिच्यावरून ओघळणारा थेंब बघत होता. आणि सगळ्यांना हवं होतं ते नेमकं त्याच माणसाचं नाव. बुधवारी मुस्तफा आला. मुस्तफा म्हणजे कंपनीचा मंदूब. सरकारी कचेऱ्यांतून कागद हिंडवून आणणारा इसम, मूळचा अलेक्झांड्रियाचा, गलेलठ्ठ, प्रेमळ, कुणालाही 'हबीबी' म्हणणारा. त्याने खजुराचा डबा टेबलावर ठेवला, मुलीची चौकशी केली आणि मग फाईल उघडली. त्याचं म्हणणं साधं होतं. गुरुवारपर्यंत हे मिटलं पाहिजे. कागदावर दोन रिकाम्या जागा आहेत: पहिली बाटली कुणी मारली, आणि सिक्युरिटीला कुणी सोडलं. पहिली भरली की दुसरी कुणी वाचत नाही. पहिली रिकामी राहिली की मात्र लोकांना वाचायला वेळ मिळतो. अजयच का, असं राजनने विचारल्यावर मुस्तफाला नवल वाटलं. तोच तर पुढे उभा होता, तोच तर उलटून बोलला, पन्नास जणांनी ऐकलं. काय बोलला तो? राजन म्हणाला, लक्षात नाही. मुस्तफा मायेने हसला. मग त्याने खरी बातमी दिली: त्या माणसाने पोलिसांना सांगितलंय की मला कुणी वकील नको, मॅनेजरसाहेबाला बोलवा, बाटली आली तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. उद्या दहा वाजता तुला जायचं आहे. मी सोबत येणार नाही, बरं दिसत नाही. डबा बंद करता करता तो म्हणाला, "हबीबी, पोलिसाचा एक प्रश्न कधी एकटा येत नाही. त्याचे चुलतभाऊ मागून येतात."

रात्रभर राजनने ते चुलतभाऊ रांगेत उभे केले. हो, मी त्याच्याकडे बघत होतो. का बघत होता? कारण तो बोलला. काय बोलला? का बोलला? त्याआधी तुम्ही काय बोललात? आणि हात कुणी वर केला? रांगेच्या शेवटी ओवीची शाळा होती, तीन वर्षं उरलेली. कौमुदीची गाडी होती. फिंतासचा हातभर समुद्र होता. आणि विमानतळावरची ती बाजूला सारलेली रांग, या वेळी उलट दिशेने जाणारी. नाशिकला परत जाऊन काय सांगायचं? पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला तिथे कोण विचारतं? आणि दुसऱ्या पारड्यात काय होतं? एक माणूस, ज्याला त्याने दीड सेकंद बघितलं. हा तराजू बरोबर नाही, हे त्याला कळत होतं. पण झोप उडालेल्या माणसाच्या हातात तराजू दिला की तो त्यात स्वतः बसून बघतो. पहाटे त्याला वाटलं की त्याने बघितलेला तुटका दात अजयचा नव्हताच, त्या फरशीवाल्याचा होता, दोन चेहरे एकमेकांत मिसळलेत, तेव्हा आपल्या आठवणीवर विसंबणंच चूक. हे त्याला पटलं. पटल्यावर त्याला तासभर झोप लागली.

चौकीतला अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने छोट्या काचेच्या पेल्यात चहा मागवला, उकाड्याबद्दल माफी मागितली, जणू तो त्यानेच केला होता. कोपऱ्यात एक मल्याळी दुभाषा, हिंदी-अरबीचा, पेन उघडून बसलेला. अजयला आणलं. हात पुढे बेडीत. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता; तो सोमवारचा, दंडुक्याचा. राजनला बघून त्याचा चेहरा सैल झाला. हे राजनच्या अपेक्षेत नव्हतं. राग चालला असता, विनवणी चालली असती. हा माणूस चक्क निर्धास्त झाला होता, बस चुकली नाही हे दिसल्यावर होतो तसा. त्याने ओठ उघडले तेव्हा तिरका दात दिसला, जागच्या जागी, राजनने बघितला होता तिथेच.

"साहेब, बघितलं तेवढं सांगा," अजय मराठीत म्हणाला. "जास्त काही नको."

दुभाष्याने मान वर केली, ही कुठली भाषा म्हणून. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं: हा म्हणतो, बाटली आली त्या क्षणी तुम्ही याच्याकडे बघत होता आणि याची बाटली याच्या हातात होती. हे खरं आहे का? राजनने चहाचा घोट घेतला, तो गोड होता, फार गोड, आणि त्या गोडीकडे त्याने जरा वेळ लक्ष दिलं. मग तो इंग्रजीत म्हणाला की मी गर्दीकडे बघत होतो, या माणसाकडे माझं विशेष लक्ष नव्हतं. बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या आवाजाचं बरं वाटलं. त्यात खोटेपणा नव्हता, नुसती अचूकता होती, ऑफिसच्या पत्रात असते तशी. दुभाषा हिंदीत सांगायला लागला. अजयने बेडीतले दोन्ही हात वर करून त्याला थांबवलं. त्याला तेवढं इंग्रजी येत होतं.

तो एक पाऊल पुढे आला. बेडीतले हात पोटाशी धरलेले, मान खाली. राजनला वाटलं, पाया पडतोय की काय, आणि संकोचून तो खुर्चीतून अर्धवट उठला. त्यामुळे अजयचं कपाळ त्याच्या नाकावर बरोबर मधोमध बसलं. आवाज हाडाचा होता, कोरडा. राजन मागे गेला, खुर्ची गेली, चहाचा पेला फुटला. दुसऱ्यांदा कपाळ आलं ते दातांवर, तिसऱ्यांदा यायच्या आत दोन शिपायांनी अजयला मागून गळ्यात हात घालून उचललं आणि भिंतीवर दाबलं. राजन जमिनीवर बसला होता. तोंड गरम रक्ताने भरलं होतं आणि जिभेला काहीतरी टणक लागत होतं, ते त्याने तळहातावर थुंकलं. त्याचा समोरचा दात. आणि त्या क्षणी, लाज वाटावी इतक्या स्पष्टपणे, त्याला हलकं वाटलं. चार दिवस जे जुळत नव्हतं ते जुळलं. हा माणूस हिंसक आहे, हे आता चार माणसांनी, सरकारी खोलीत, दिवसाढवळ्या बघितलं होतं. सकाळपासून जे त्याला बोलवत नव्हतं ते आता नुसतं घडलेलं सांगायचं होतं.

अधिकाऱ्याने त्याला धरून खुर्चीत बसवलं, हातात टिश्यूचा डबा दिला. तक्रार नोंदवायची आहे का, असं विचारलं. नियमाप्रमाणे तोंडी सांगावं लागेल, स्पष्ट: कुणी मारलं, तुम्ही स्वतः बघितलं का, खात्री आहे का. राजनने टिश्यू नाकापासून दूर केला. भिंतीशी अजय उभा होता. त्याच्या कपाळावर रक्त होतं, ते राजनचं. "यानेच," राजन इंग्रजीत म्हणाला. दात नसल्याने शब्द फुसकन निसटत होते, म्हणून त्याने प्रत्येक शब्द सुटा करून सांगितला. "पूर्ण खात्री आहे. मी त्याच्याकडेच बघत होतो."

अजयला दाराकडे नेत होते. उंबऱ्याशी त्याने मान वळवली आणि आवाज न चढवता, राजनलाच ऐकू जाईल असा नव्हे, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मराठीत म्हणाला, "बघा साहेब. आठवलं."

अधिकाऱ्याने दुभाष्याकडे बघितलं. दुभाष्याने खांदे उडवले. मग अधिकाऱ्याने राजनला विचारलं, काय म्हणाला तो?

शिवी देतोय, असं राजनने सांगितलं, आणि अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं.